पांढरी बाजू बाहेर

४ जानेवारी

बारक्या,

हे वाचतोयस म्हणजे पाकीट उघडलंस. निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं उभ्याउभ्या वाचू नकोस, खुर्ची घे.

पत्ता तुझ्या बायकोकडून घेतला. तिच्यावर डाफरू नकोस, मीच तिला भरीस पाडलं. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू ‘हं’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला नुसतं ‘हं’ करता येत नाही.

बातमी अशी की मी फोटो स्टुडिओ उघडला. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून सात वर्षं कुलूप होतं. बाबांना जाऊन आता वर्ष होईल. तेव्हा तू आलास, दोन तास बसलास आणि माझ्याशी बोललास ते एवढंच, ‘पाणी दे.’ मी दिलं. रिकामा पेला परत देतानाही तू माझ्याकडे बघितलं नाहीस. असो. आज मी भांडायला बसलेली नाही. माझा मूड चांगला आहे, तो घालवू नकोस.

खरं तर कुलूप काढलं ते सगळं भंगारात द्यायचं म्हणून. वायरमनला बोलावलं होतं मीटर बघायला. तो परातीएवढा दिवा आठवतो ना, ज्याच्या उजेडात नवरदेव घामाघूम व्हायचे आणि बाबा म्हणायचे, ‘घाबरताय कशाला, लग्न तर होऊन गेलं’? वायरमननं त्याच्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि टिचकी मारली. म्हणाला, “ताई, असला पत्रा आता मिळत नाही. भंगारात कसला देताय? आतलं सगळं काढतो, गार उजेडाचा नवा दिवा बसवतो. टांगा कुणाच्या तरी टेबलावर.”

मी म्हटलं, करून दाखवा. जुनी वायर कापडात गुंडाळलेली, हात लावला की भुगा. दोन दिवस तो खाली बसून ती ओढून काढत होता आणि मी पॉलिश पेपरनं पत्रा घासत होते. तिसऱ्या दिवशी दिवा समोरच्या शिंपिणीच्या टेबलावर टांगला. चालू केला तर ती बाई स्वतःचेच टाके बघत बसली. “अगं बाई,” म्हणाली, “इतकी वर्षं मी आंधळेपणानंच शिवत होते की काय!”

बारक्या, मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी एकटीच चहा घेत हसत होते.

आता मुद्द्याचं. बाबांनी वहीच्या पानावर एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘दिवे मुलीचे, कॅमेरा मुलाचा.’ दिव्यांचं मी काय करायचं ते करतेय. पण तो मोठा कॅमेरा, आई ज्याला सवत म्हणायची, तो तुझा आहे. (‘माझ्याकडे कधी एवढा वेळ टक लावून बघितलंत का?’ असं ती विचारायची आणि बाबा काळ्या कापडाखाली अजून आत शिरायचे, आठवतं?) सवत कोपऱ्यात तशीच उभी आहे. मी तिच्यावरून फडकंसुद्धा फिरवलेलं नाही. पंधरा मार्चला दुकान नव्यानं उघडायचं ठरवलंय, असल्या जुन्या वस्तूंना नवं काम लावून द्यायचं. तोपर्यंत तिचं काय करायचं ते कळव. खरं सांगू का, तू येऊन सांगितलंस तर बरं.

ताई

२२ जानेवारी

बारक्या,

उत्तर नाही. हरकत नाही. मी रिटचिंगवाली बाई, एकेका निगेटिव्हवर पेन्सिलीनं सुरकुत्या घालवत दिवस काढलेत. मला चिकाटी शिकवू नकोस.

दुसरा दिवा वाचनालयात गेला. तिसऱ्याची गंमत ऐक. तो उंच स्टँड होता ना, आडव्या लांब दांड्याचा, ज्याच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी? तो आता हेडमास्तरांच्या पलंगाशी आहे. तुझेच हेडमास्तर, ज्यांनी तुला बाकावर उभं केलं होतं. वर्षभर अंथरुणाला खिळलेत. पुस्तक हातात धरवत नाही. मी दिव्याच्या जागी एक लाकडी फळी आणि चार चिमटे बसवले. आता पुस्तक बरोबर छातीवर लोंबकळतं, हवं तसं खालीवर होतं. पानं मात्र त्यांच्या बायकोलाच उलटावी लागतात. तिचं वाचन यांच्यापेक्षा भरभर, त्यामुळे पान कधी उलटायचं यावरून दोघांची रोज जुंपते. मला त्यांनी विचारलं, “आणि तुझा तो भाऊ काय करतो?” मी म्हटलं, इस्पितळात एक्स-रे काढतो. “म्हणजे शेवटी फोटोच काढतो,” म्हणाले.

तेच मला इतकी वर्षं म्हणायचं होतं, पण म्हणायला तू समोर कुठे असतोस!

वायरमननं परवा कपाटातून सवतीचे होल्डर काढले. विचारलं, या चपट्या पेट्या कसल्या? मी त्याला समजावलं: यात अंधारात फिल्म भरायची. वरून ही सरकती पट्टी, हिला स्लाइड म्हणायचं. स्लाइडची एक कड पांढरी, एक काळी. पांढरी बाजू बाहेर असली म्हणजे फिल्म कोरी. फोटो काढून झाला की स्लाइड उलटी करून घालायची, काळी बाजू बाहेर, म्हणजे त्या फिल्मवर चुकून दुसरा फोटो कुणी काढत नाही. तो म्हणाला, “म्हणजे सगळा भरवसा घालणाऱ्याच्या हातावर?” मी म्हटलं, हो. आणि चहा ठेवायला गेले.

तू लगेच भुवया उंचावू नकोस. वायरमनला मी चहा देते, बाकी काही नाही.

बाबा तुला आईच्या फोटोवरून जे बोलले ते फार बोलले, हे मी मान्य करते. ‘आईचा शेवटचा फोटो नासवलास, परत कॅमेऱ्याला हात लावू नकोस,’ हे पोटच्या पोराला म्हणायचं नसतं. बाबा तापट, तू तिखट, आई इस्पितळात. अशात मी मध्ये पडून काय करणार होते?

कळव.

ताई

१० फेब्रुवारी

बारक्या,

कार्ड मिळालं. ‘विकून टाक. मला नको.’ चार शब्द! सव्वीस वर्षांनी माणूस बहिणीला लिहितो आणि चार शब्द! खाली सही तरी करायचीस. शाई महागली आहे का तिकडे?

कार्ड आलं त्याच दिवशी योगायोगानं एक सजावटवाला आला होता. नव्या कॉफीच्या दुकानासाठी जुन्या वस्तू गोळा करतो. सवतीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मी म्हटलं, ठीक आहे, मालकानंच सांगितलंय, विकू. विचारलं, हिचं करणार काय? तो म्हणाला, “काकू, भिंग काढून तिथे लाल बल्ब. आणि ही मागची कापडी घडी आहे ना, ती फाडून आत कुंडी ठेवायची. वेल सोडायचा बाहेर.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या कापडी भात्यात बाबांनी प्रत्येक भोक स्वतःच्या हातानं बुजवलंय, आणि हा तिच्यात वेल सोडणार! मी त्याला सांगितलं, कालच विकला कॅमेरा, न्यायला माणसं येतायत. चेहऱ्यावरची रेष हलू न देता सांगितलं. गेला बिचारा. मला खोटं छान बोलता येतं, तुला माहीतच आहे.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

मग मी तुझ्या परवानगीशिवाय सवतीला हात लावला. सगळे दिवे घालवले आणि भात्यात टॉर्च पेटवून ठेवला, बाबा करायचे तसा. अकरा ठिकाणी उजेड बाहेर आला. बाबांची मोडकी काळी छत्री अडगळीत होती, तिच्याच कापडाची ठिगळं कापली आणि डिंक लावून अकराही बुजवली. भिंग पुसलं. मागच्या काचेवर शिंपीण उलटी दिसली, पाय वर, डोकं खाली, आणि तिच्या टेबलावर आपला दिवा. कापडाखाली मी किती वेळ होते देव जाणे. बाहेर आले तेव्हा वाटलं, या सगळ्या वस्तूंना मी दुसरी कामं लावून दिली, पण हिला दुसरं काम नकोच आहे. हिला तिचंच काम पाहिजे.

आणि ते करणारा कार्डावर चार शब्द लिहून गप्प बसलाय.

ताई

२६ फेब्रुवारी

बारक्या,

आज खुर्ची मी घेतलीय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

शेवटचा दिवा उघडायचा राहिला होता, जाड भिंगाचा, लाकडी पेटीतला. वायरमननं पेटी उलटी केली तर तळाच्या फळीखालून काळ्या कागदाचं एक पाकीट पडलं. त्यावर बाबांच्या अक्षरात एकच शब्द, ‘दोघी’. आत निगेटिव्ह. मी उजेडाकडे धरलं. वायरमनला म्हटलं, आज घरी जा.

तीच फिल्म आहे. मला वाटत होतं बाबांनी फाडून टाकली.

आता मी जे सांगणार आहे ते तुला माहीत आहे. तरीही सांगते, कारण ते माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस.

त्या दिवशी आईला वरच्या घरातून उतरवून खाली स्टुडिओत आणलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. बाबांच्या हाताखाली मी होते. बाबांनी पहिली फिल्म काढली त्यात आई खोकली, हलली. दुसरी चांगली आली. बाबा म्हणाले, ‘झकास,’ आणि तेवढ्यात आईला अशी उबळ आली की बाबा तिला धरून वर घेऊन गेले. स्लाइड माझ्या हातात होती. माझं सगळं लक्ष जिन्याकडे. मी स्लाइड होल्डरमध्ये सरकवली आणि पांढरी बाजू बाहेर ठेवून तो टेबलावर बाकीच्या होल्डरांत टाकला आणि वर धावले.

संध्याकाळी तू कॉलेजातून आलास. म्हणालास, ‘ताई, बस ना, मला एकट्याला एक काढून बघू दे, बाबा वरच आहेत.’ आई झोपली होती, मी जरा मोकळं व्हायला खाली आले होते. बसले. तू टेबलावरून होल्डर घेतलास, कडेला बघितलंस, पांढरी होती. तू जे करायला पाहिजे तेच केलंस.

दोन दिवसांनी आई इस्पितळात गेली. बाबांनी फिल्म धुतली आणि आईच्या फोटोवर माझा फोटो चढलेला बघून ओरडत बाहेर आले. तू म्हणालास, ‘बाबा, पांढरी बाजू बाहेर होती.’ बाबा माझ्याकडे वळले. ‘काय गं?’

मी म्हटलं, ‘काळी होती. मीच घातली.’

एवढंच. चारच शब्द. बाबांच्या डोळ्यांत बघून मला भीती वाटली, तेहतीस वर्षांच्या घोडीला, आणि मी तुला पुढे केलं. वाटलं, एकदा शिव्या देतील, संपेल, नंतर मी सांगेन. आई आली नाही परत. मग बाबांना कसं सांगायचं? मग तू निघून गेलास. मग वर्ष झालं. मग इतकी वर्षं झाली की सांगायला तोंडच उरलं नाही. माझी चूक झाली, बारक्या. स्लाइडची चूक कुणाच्याही हातून होते. दुसरी होत नाही, ती करावी लागते, आणि ती मी केली.

आज नुसत्या साध्या काचेखाली फोटोचा कागद ठेवून मी त्या निगेटिव्हचा ठसा काढला. इतकी वर्षं मी समजत होते की आई नासली. तसं नाही रे. खुर्ची तीच, कॅमेरा हललेला नव्हता. खुर्चीत दोघी आहोत. तिचे हात माझ्या मांडीवर आलेत. तिचा चेहरा माझ्या खांद्याच्या जरा वर, आजारी असून स्वच्छ, आणि मी तिच्या आतून तुझ्याकडे बघून हसतेय. तू काहीतरी माकडचेष्टा करत असणार. बाबांनी हे केव्हा तरी नीट बघितलं, वर ‘दोघी’ लिहिलं आणि दिव्याच्या पोटात लपवलं. त्यांनाही तुला हाक मारायला तोंड उरलं नसणार. काय घर आपलं, सगळे एकापेक्षा एक!

फोटो सोबत आहे. क्षमा कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. फक्त हे वाचून झालं की सवतीला विकायचं की नाही ते एकदा परत सांग. या वेळी तू म्हणशील तसं करेन.

ताई

८ मार्च

बारक्या,

तुझं पत्र आलं. पत्र! घडी घातलेलं, पाकिटातलं, सही केलेलं. पोस्टमनला मी बिस्किटं दिली.

‘फोटोचं मला कधीच काही नव्हतं, ताई. तू काळी होती म्हणालीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो आणि तू बाबांकडे बघत होतीस. मला त्याचं होतं.’ हे मी इतक्या वेळा वाचलंय की आता घडीवर फाटेल. बरोबर आहे तुझं. तेच होतं. मी खाली मान घालते.

‘चौदा तारखेच्या सकाळच्या गाडीनं येतो. इथे एक्स-रे आता कॉम्प्युटरवर निघतात, मुदत संपलेल्या फिल्मचा एक डबा फेकणार होते, तो मागून घेतलाय. सवतीच्या मापाला कापता येईल. फिल्मला दोन्हीकडून रसायन असतं, ओरखडा पटकन पडतो, तेव्हा नखं कापून ठेव. आणि मी येईपर्यंत तिला हात लावू नकोस.’

ऐकला हुकूम. नखं कापली. वायरमनलाही कापायला लावली, तो म्हणतो माझा काय संबंध!

ताई

१७ मार्च

बारक्या,

तू जाऊन दोनच दिवस झाले आणि मी लिहायला बसले, म्हणजे हसशील. पण तू होतास तरी तुला सगळं कुठे दिसलं? तू कापडाखाली होतास.

तेव्हा बाहेरचं ऐक. तू आत गेलास आणि येईचनास. शिंपीण माझ्या कानात म्हणाली, “अडकले की काय हो?” मी म्हटलं, “राहू द्या, त्याची जुनी ओळख आहे.” हेडमास्तरांची बायको दारातच उभी राहिली, नवऱ्याला जाऊन सांगायचं म्हणून. वायरमननं भिंगवाला दिवा हातभर उजवीकडे सरकवला आणि तुझा आतून आवाज आला, “थोडा मागे!” बाबांचाच आवाज. मी खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत, एकोणसाठ वर्षांची, नवी साडी नेसून, दम धरून बसलेली.

तू मोजलेस ते सहा सेकंद मी हलले नाही. रडले असते तर हलले असते, म्हणून नंतरसाठी ठेवलं.

फोटो सुकला आहे, सोबत घातलाय. डाव्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे, तो तुझ्या नखाचा, माझ्या नाही. चेहऱ्यावर मी पेन्सिल लावलेली नाही. गावातल्या सगळ्या बायकांच्या सुरकुत्या मी घालवल्या, माझ्या राहू दे. सवत आता दर रविवारी काम करणार. मुदत संपलेली फिल्म अजून कुठे फेकत असतील तर लक्ष ठेव, आणि पुढच्या वेळी बायकोला आणि पोरीला घेऊन ये. त्या दोघींना त्या खुर्चीत बसवायचंय, पण एकाच वेळी!

आता तेवढं एक. स्टेशनवर मला बोलता आलं नाही ते.

फोटो झाल्यावर तू होल्डर घेऊन माझ्यासमोर आलास आणि काढलेली स्लाइड माझ्या हातात दिलीस. म्हणालास, “तू घाल.” मला वाटलं, चार माणसांत माझी फजिती करतोयस. ती खाचेत जाईना. तू मदत केली नाहीस, नुसता उभा होतास. मी ती उलटी केली, परत बघितली, आणि सरकवली. तू होल्डर कडेनं धरलास आणि विचारलंस, अगदी बाबांसारखं, “काय गं?”

या वेळी मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, “काळी आहे. मीच घातली.”

तू होल्डर खिडकीकडे नेलास, उजेडात बघितलास, काखेत धरलास आणि म्हणालास, “हं.”

ताई